आप्त कोण? तत्त्वज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तासांची वही

७ जुलै २०२५, सोमवार

अभ्यासक्रमाला मंजुरी मिळाली. नाव 'तत्त्वज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता', दोन क्रेडिट, तीस तास. सोमवार आणि गुरुवार, शेवटची तासिका. घाटंजीकडची गाडी चुकली की मुलींना दीड तास स्टँडवर बसावं लागतं, म्हणून काहीही झालं तरी साडेतीनला सोडायचं, हे आजच ठरवून टाकलं. कमी पडतील ते तास शनिवारी भरून काढू.

सव्वीस जणांनी नावं दिली. बी.ए.चे सतरा, बी.कॉम.चे पाच, बी.एस्सी.चे चार. घरी कोणती भाषा बोलता विचारलं तर फळ्यावर पाच झाल्या: वऱ्हाडी, गोरमाटी (बंजारा), तेलुगू, कोलामी, गोंडी. यवतमाळ जिल्ह्याचं हे दक्षिण टोक; हमरस्त्याने पुढे गेलं की आदिलाबाद.

पुण्याच्या एका लिबरल आर्ट्स विद्यापीठात हाच विषय शिकवणाऱ्या मैत्रिणीने तिची रूपरेषा पाठवली आहे. आधी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, मग इंग्रज गणिती ट्युरिंग, मग अमेरिकन तत्त्वज्ञ सर्ल, शेवटी नीतीचे प्रश्न. वाचन सगळं इंग्रजी. आखणी चांगली आहे. तीच मराठीत आणते आणि सुरुवात ट्युरिंगपासून करते.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. टेबलावर झेंडूची फुलं होती.

ऑक्टोबर १९५० च्या 'माइंड' या नियतकालिकात ॲलन ट्युरिंगचा लेख आला. 'यंत्र विचार करू शकतं का' हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि त्या जागी एक खेळ मांडला. प्रश्न विचारणारा एका खोलीत, उत्तरं देणारे दुसरीकडे, मध्ये फक्त लेखी मजकूर. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे ओळखायचं. पन्नासेक वर्षांत यंत्रं इतकी तयार होतील की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य माणसाची ओळख बरोबर ठरण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या वर जाणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

मुलांनी निमूट उतरवून घेतलं. मागच्या बाकावरच्या एकाने मात्र हात वर केला: "मॅडम, वळखू नाई आलं म्हून तो मानूस झाला काय? बहुरूपी पोलीस बनून येते. आपन वळखत नाई. म्हून तो पोलीस होते काय?"

मी ट्युरिंगची बाजू मांडली. लेखात त्याने नऊ आक्षेप घेऊन त्यांना उत्तरं दिली आहेत. समोरच्या माणसाच्या मनात तरी आपण कुठे शिरून पाहतो, बोलण्या-वागण्यावरूनच ठरवतो ना, असं त्याचं म्हणणं. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पन बहुरूप्याले शेवटी आपन म्हनतो, खरं सांग गड्या, कुठला तू? अन् तो सांगते."

तास इथेच संपला. घरी येताना हेच डोक्यात घोळत होतं. यंत्राला मन आहे का, हा त्याचा प्रश्नच नव्हता. बोलणाऱ्यामागे उभं कोण आहे, आणि विचारलं तर तो सांगेल का, हे त्याला हवं होतं.

२१ जुलै, सोमवार

चिठ्ठ्यांचा तास. यंत्र वाक्य कसं जुळवतं हे नुसतं बोलून समजत नाही, म्हणून हाताने करून पाहिलं.

प्रत्येकाने आठवडी बाजारावर पाच-पाच वाक्यं लिहिली. प्रत्येक शब्दासाठी एक लिफाफा केला. एखाद्या वाक्यात त्या शब्दानंतर जो शब्द आला असेल, त्याची चिठ्ठी त्या लिफाफ्यात टाकायची. 'बाजारात'च्या लिफाफ्यात अशा चिठ्ठ्या जमल्या: गेलो, गेलो, भाजी, गर्दी, गेली, बैल, गेलो. मग एक शब्द धरून त्याच्या लिफाफ्यातून न बघता चिठ्ठी काढायची, तिच्यावरच्या शब्दाचा लिफाफा उघडायचा, असं पुढे पुढे. 'गेलो' तीनदा पडला होता म्हणून तोच जास्त वेळा हाती यायचा, हे मुलांच्या आपोआप लक्षात आलं.

पहिलं वाक्य निघालं: 'मायसोबत बाजारात गर्दी महाग झाली.'

वर्ग हसला, मग एकदम शांत झाला. वाक्याचे सगळे शब्द त्यांचे होते आणि वाक्य कोणाचंच नव्हतं. कोणाच्या मायसोबत? विचारायला माणूसच नाही.

रशियन गणिती आंद्रे मार्कोव्हने १९१३ साली पुश्किनच्या काव्यातली वीस हजार अक्षरं घेऊन स्वराच्या मागे स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, हे हाताने मोजलं होतं. आमचे लिफाफे त्याच वाटेचे. पण आजची यंत्रं म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या नव्हेत, हेही तासाच्या शेवटी ठासून सांगितलं. २०१७ साली आलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत यंत्र मागचा एकच शब्द पाहत नाही. मागचा सगळा मजकूर तोलून पुढचा तुकडा निवडतं, आणि लिफाफ्यांच्या जागी अब्जावधी आकडे असतात, शिकताना थोडे थोडे सरकवलेले. फरक फार मोठा आहे, आणि तो लपवून मुलांना सोपं करून सांगणं मला मान्य नाही.

बी.एस्सी.च्या एकाने विचारलं, मराठी त्याला जड जाते का? जाते. यूटीएफ-८ या संगणकात मजकूर साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या एकेका चिन्हाला तीन. शिवाय शिकायला मिळालेला मराठी मजकूर थोडा आणि कोलामीचा जवळपास नाहीच. हे ऐकून पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणारा मुलगा मान खाली घालून वहीत रेघा मारत बसला. त्याच्याशी वेगळं बोलायला हवं.

३१ जुलै, गुरुवार

तीन दिवसांची झडी. नाल्याला पूर, नऊच जण आले. वीज नव्हती. पुढचं प्रकरण न घेता अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हा न्यायदर्शनाचा प्रवेशग्रंथ काढला आणि शब्द-प्रमाणाचा भाग, म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावरून होणाऱ्या खऱ्या ज्ञानाचा, सावकाश वाचला.

वाक्यातून अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात. आकांक्षा, म्हणजे शब्दांना एकमेकांची गरज असणं. सन्निधी, म्हणजे ते लागोपाठ येणं. आणि योग्यता, म्हणजे त्यांच्या अर्थांचा मेळ बसणं. योग्यता नसल्याचं ग्रंथातलं उदाहरण 'अग्नीने शिंपावं'. व्याकरण नीट आहे, पण विस्तवाने शिंपता येत नाही.

एका मुलीने लगेच लिफाफ्यांचं वाक्य आठवून दिलं: "'गर्दी महाग झाली' म्हनजे तेच नाई का मॅडम? योग्यता नाई."

अगदी तेच. लिफाफ्यांना सन्निधी साधते, आकांक्षाही पुष्कळदा साधते, योग्यता साधत नाही. फोनवरच्या आजच्या यंत्राला तिन्ही साधतात. म्हणून तर ते फसवं वाटत नाही. पण तर्कसंग्रह तिथे थांबत नाही. शब्द प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा, आणि आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे, जसं आहे तसं सांगणारा. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रात, हेच तीन शब्दांत आहे: आप्त, उपदेश, शब्द.

नऊ मुलांसमोर, कंदिलासारख्या उजेडात, मला माझ्या अभ्यासक्रमाचं दार सापडलं. रूपरेषा उलटी करते. आधी आप्त, मग सर्ल, ट्युरिंगकडे पुन्हा त्यानंतर.

७ ऑगस्ट, गुरुवार

आजचा तास सविस्तर लिहून ठेवते.

न्यायसूत्रावरच्या भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताचं लक्षण दिलं आहे. ज्याने गोष्ट स्वतः साक्षात जाणली, जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याला इच्छा आहे, आणि त्या इच्छेने जो बोलायला पुढे येतो, तो आप्त. पुढे ते म्हणतात की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, तिघांनाही हेच लक्षण लागू. न्यायदर्शन वेदालाही प्रमाण मानतं, पण तिथेही कारण हेच देतं, की सांगणारा आप्त आहे.

"म्हनजे माही माय भी?" तांड्यावरून येणाऱ्या मुलीने विचारलं. कापूस वेचण्याबद्दल बोलत असेल तर तुझी आईच आप्त, मी म्हटलं, मी नाही. तिने ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. संस्कृत शास्त्र काढलं की आपल्याला बाहेर ठेवणार, हे गृहीत धरून बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं, त्यासाठी हा अभ्यासक्रम सुरू केला असं म्हटलं तरी चालेल.

मग फळ्यावर चार रकाने: शेजारी, कृषी सहायक, कृषी केंद्राचा दुकानदार, फोन. डावीकडे परंपरेने सांगितलेले बोलणाऱ्याचे चार दोष. भ्रम, म्हणजे मुळात चुकीचं समजणं. प्रमाद, बेसावधपणा. विप्रलिप्सा, फसवायची इच्छा. आणि करणापाटव, म्हणजे डोळे-कान वा साधनं कमी पडणं. प्रश्न एकच: पऱ्हाटीवर रोग आला, कोणाचं ऐकायचं?

दुकानदाराच्या रकान्यात विप्रलिप्सेपाशी सगळ्यांचे हात वर. एकीच्या वडिलांना मागच्या हंगामात तीन बाटल्या दिल्या होत्या, त्यातल्या दोन नको असलेल्या; तिसऱ्या दिवशी कृषी सहायकाने पाहून सांगितलं. तिनेच पुढे मुद्दा मांडला: "दुकानदाराच्या मनात माल खपवाचा असते. फोनच्या मनात काईच नाई. मंग फोन बरा नाई काय?"

हा मुद्दा मी फिरवून टाकला नाही. वीस मिनिटं दिली, कारण तो खरा आहे. गरजू शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या माणसापेक्षा निर्हेतुक यंत्र बरं, असं वाटण्यामागे अनुभव आहे. अखेर बहुरूप्यावाला मुलगा बोलला: "ज्याले फसवाचं नाई, त्याले सांगाचं भी नाई." वात्स्यायनांच्या लक्षणातला दुसरा तुकडा त्याने स्वतःच्या शब्दांत पकडला. फसवायची इच्छा नाही, ही यंत्राची जमेची बाजू. पण जसं आहे तसं तुला कळावं ही इच्छाही तिथे नाही. आणि ज्या कंपनीने ते बनवलं तिच्या इच्छेचं काय, हा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

मग प्रत्यक्ष विचारून पाहिलं. एकाने फोनवर वऱ्हाडीत टाकलं की पऱ्हाटीले काय मारू. उत्तर आलं ते कापसाची वाळलेली खोडं कशी नष्ट करायची याचं. आमच्याकडे उभ्या झाडालाही पऱ्हाटी म्हणतात, वाळक्या काडीलाही. यंत्राने काडी धरली. 'कापसाच्या झाडावर मावा आला आहे' असं प्रमाण मराठीत विचारल्यावर उत्तर नेटकं आलं, मात्रेसकट. तोच प्रश्न दुसऱ्याच्या फोनवरून विचारला, तर मात्रा वेगळी. दोन्ही उत्तरांचा सूर सारखाच ठाम. मुलं गप्प झाली, कारण घरी मात्रा पंपाला किती टोपण अशी मोजतात आणि टोपण चुकलं तर काय होतं ते या जिल्ह्याला ठाऊक आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ही मुलं तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. दोघातिघांना गावातली नावं आठवतात.

बाटलीवरच्या चिठ्ठीशी दोन्ही मात्रा ताडून पाहायला सांगितलं आणि साडेतीनला सोडलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सर्लची खोली. जॉन सर्लने १९८० साली मांडलेली कल्पना अशी: चिनी न येणारा माणूस एका खोलीत बंद आहे. बाहेरून चिनी चिठ्ठ्या येतात, त्याच्याकडे नियमांचं पुस्तक आहे, अमुक आकृती आली तर तमुक आकृती परत द्यायची. बाहेरच्यांना वाटतं आत चिनी जाणणारा बसलाय.

चिनी आमच्यातल्या कोणालाच येत नाही, म्हणजे बाहेर उभं राहायलाही कोणी नाही. पोडावरच्या मुलाला मी आदल्या आठवड्यात विचारलं होतं, कोलामीत करशील का? त्याने चार दिवस बसून देवनागरीत नियमांची वही केली. चाळीस नियम. चिठ्ठीतला शेवटचा शब्द कोणता ते पाहायचं आणि त्यासमोरचं उत्तर उतरवून द्यायचं.

दोन मुली स्टोअररूममध्ये वही घेऊन बसल्या, तो दाराशी. पंधरा चिठ्ठ्या बिनचूक गेल्या-आल्या. वर्गाला वाटलं आत गप्पाच चालल्यात. सोळाव्या चिठ्ठीचं उत्तर आलं तेव्हा त्याने ते हसत हसत मराठीत सांगितलं. आधी विचारलं होतं 'पाऊस आला का', उत्तर होतं 'आला, बरं झालं'. आता त्याने फक्त पहिला शब्द बदलला होता: 'ताप आला का'. आतून उत्तर आलं: 'आला, बरं झालं'.

मुली बाहेर आल्यावर एकीने त्याला विचारलं, खरंच कोणाला ताप आहे का? तेव्हा मी वर्गाला थांबवलं. वहीने विचारलं नव्हतं, हिने विचारलं. एवढंच दाखवलं, पुढे काही बोलले नाही.

सर्लवरचा आक्षेपही घेतला: आतला माणूस समजत नसेल, पण माणूस आणि वही मिळून सगळी खोली समजत असेल तर? तीन-चार जणांना हे पटलं. त्यांनी वाद चांगला लढवला. नियम चाळीसऐवजी चाळीस कोटी असते तर 'ताप' सुटला नसता, हे त्यांचं म्हणणं वर्गाला खोडता आलं नाही. मलाही ते सहज खोडता येत नाही.

कोलामी द्रविड भाषाकुळातली, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली, हे आज बहुतेकांना पहिल्यांदाच कळलं. मधल्या सुट्टीत मुलं त्याच्याकडून शब्द शिकत होती. मान खाली नव्हती आज.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळा, तान्हा पोळा झाला. निबंध तपासले. अकरा निबंधांची सुरुवात एकाच वाक्याने: 'आजच्या युगात कृत्रिम बुद्धिमत्ता ही केवळ कल्पना राहिलेली नाही.' फोनने लिहिलेले. वाईट वाटलं. रागावले नाही. निबंध परत दिले आणि प्रत्येक वाक्याच्या बाजूला लिहून आणायला सांगितलं: हे कोणी पाहिलं?

११ सप्टेंबर, गुरुवार

निबंध परत आले. समासातल्या नोंदी निबंधांपेक्षा कितीतरी चांगल्या. 'कोणीच नाही' हे सगळ्यात जास्त वेळा. एका वाक्यापाशी 'हे मी पाहिलं, पण असं नाही', आणि खाली स्वतःच्या शब्दांत अर्धं पान.

आजचा विषय स्मृती. तर्कसंग्रह ज्ञानाचे दोन भाग करतो, अनुभव आणि स्मृती. आणि स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून, मागे राहिलेल्या ठशातून, उपजलेलं ज्ञान. बी.कॉम.च्या मुलीने विचारलं, यंत्रातले ते सरकवलेले आकडे म्हणजे संस्कारच ना? उपमा मला आवडली. पण संस्कार मागे राहतो तो अनुभवाचा. यंत्रात ठसा आहे तो इतरांच्या सांगण्याचा. अनुभव घेतलेले लाखो, ठसा एकाकडे, आणि त्या लाखांतला कोण कुठे बोलतोय हे पुसलेलं.

इथे पोपट आणला. भाषिक यंत्रांना पोपटाची उपमा देणारा इंग्रजी शोधनिबंध २०२१ साली गाजला. पोपटाचं बोलणं नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनीही, चर्चेला घेतलं होतं. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त प्रश्न येतो: अर्थ कळायला बोलणाऱ्याचं तात्पर्य कळावं लागत असेल, तर पोपटाच्या वाक्यात तात्पर्य कोणाचं? वाक्य खरं निघालं तर तिथे ईश्वराचं तात्पर्य ते मानतात. खोटं निघालं, तर त्याला शिकवणाऱ्याचं.

"खोटं निंगालं तं शिकवनाऱ्याचं!" बहुरूप्यावाला उभाच राहिला. ७ ऑगस्टला फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला कंपनीचा प्रश्न आज तिथून मधोमध आला. नैयायिकांना आपली यंत्रं ठाऊक होती असा दावा करायचा नाही, हे मी स्पष्ट केलं. त्यांना प्रश्न ठाऊक होता. चुकीच्या बोलण्याचा धनी शोधताना त्यांनी पोपटाला धरलं नाही आणि 'कोणाचंच नाही' असंही म्हटलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

सोयाबीनची सोंगणी सुरू. बारा हजर. शेवटचं काम दिलं: 'एका वाक्याचा माग'. आपल्या गावाविषयी, पिकाविषयी किंवा कामाविषयी फोनला विचारा. त्याच्या उत्तरातलं एक वाक्य निवडा. ते स्वतः पाहिलेला माणूस शोधून त्याच्यापर्यंत जा. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा. वाक्य खरं निघालं तरी चालेल. खरं निघालेल्यालाही माग लागतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तोंडी परीक्षा. बावीस वह्या आल्या. चौघं वेचणीला; त्यांची दिवाळीनंतर घेईन.

सव्वीस जणांत यंत्राला सरसकट खोटं ठरवणारं कोणी निघू नये अशी माझी मनापासून इच्छा होती, आणि बावीसांत तरी निघालं नाही. नऊ वह्यांमध्ये वाक्य खरं ठरलं आहे. एकीने धुऱ्यावरच्या भांडणात फोनने सांगितलेला मोजणीच्या अर्जाचा मार्ग तलाठ्याकडे जाऊन ताडून पाहिला. बरोबर निघाला, आणि वडिलांनी अर्ज केला.

पोडावरच्या मुलाची वही शेवटी घेतली. त्याचं निवडलेलं वाक्य: 'मोहाची फुले झाडावरून तोडून वाळवली जातात.' आप्त म्हणून आजी. आजीचं म्हणणं त्याने आधी कोलामीत, खाली मराठीत लिहिलं होतं. मोह कोणी तोडत नाही. तो रात्री उमलतो आणि पहाटे आपोआप खाली पडतो. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ करायची, मग उजाडायच्या आत टोपली घेऊन जायचं, नाही तर गुरं खातात.

मी विचारलं, हे तू स्वतः पाहिलंस का? त्याने वही माझ्याकडे फिरवली. खाली रकाना पाडून त्याने वाक्यं वाटून घेतली होती. 'रात्री उमलतो' आजीच्या नावावर. 'पाचोळा जाळतात' आजीच्या आणि त्याच्या. 'पहाटे पडतो' फक्त त्याच्या नावावर, आणि बाजूला बारीक अक्षरात: डोक्यावर पडला आहे.